‘ताई, फोटो काढला की ॲप उडतंय’ : मोबाइल ॲपमधला मेमरी क्रॅश शोधताना

मी नाशिकमध्ये शेतीची ॲप्स बनवते. पिंपळगाव, दिंडोरी, निफाड पट्ट्यातले द्राक्ष बागायतदार पानाचा फोटो काढतात, ॲप डाऊनी आहे की भुरी (द्राक्षावरचे दोन बुरशीजन्य रोग) याचा अंदाज देतं आणि फवारणीची नोंद ठेवतं. फोटोची तपासणी वेगात व्हावी म्हणून तो भाग सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे (याला ‘नेटिव्ह’ कोड म्हणतात), बाकी सगळं कॉटलिन या अँड्रॉइड ॲपच्या नेहमीच्या भाषेत. या दोन भाषांच्या बांधावर एक दुखणं कायम उगवतं. कोड आपल्या वाट्याची नसलेली मेमरी वाचतो किंवा तिच्यात लिहितो आणि ॲप चालता चालता एकदम नाहीसं होतं. आमच्या ॲपमध्ये आणि मदतीला बोलावलं तिथे दुसऱ्यांच्या ॲपमध्ये हाच बिघाड मी पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे, म्हणून शोधायचा क्रम इथे मांडते. आधी फुकटातल्या तपासण्या, मग कष्टाच्या.

सुरुवातीलाच एक विनंती. ‘सेटिंगमध्ये जाऊन डेटा क्लिअर करा’ असं शेतकऱ्याला कधीही सांगू नका. युरोपला माल पाठवणाऱ्या बागायतदाराला कोणतं औषध कधी, किती मारलं याची नोंद दाखवावी लागते. ग्रेपनेट या निर्यातीच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत बागेची नोंदणी असते आणि मालातले औषधांचे उरलेले अंश (रेसिड्यू) तपासले जातात. तुमच्या एका सल्ल्याने त्याची हंगामभराची फवारणी डायरी पुसली जाऊ शकते. शिवाय डेटा पुसून मेमरीची चूक दुरुस्त होत नाही. चूक कोडमध्ये असते, त्याच्या फोनमधल्या माहितीत नाही.

लक्षणं

ॲप बंद होतं आणि थेट होम स्क्रीन दिसते. काही फोनवर ‘ॲप थांबले आहे’ एवढी पाटी येते, काहींवर तीही नाही. तुमच्या कॉटलिन कोडमधलं ट्राय-कॅच, म्हणजे चुका झेलणारा कोड, काहीच पकडत नाही, कारण हा एक्सेप्शन, म्हणजे भाषेने कळवलेली चूक, नसतोच. ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोसेस तिथल्या तिथे संपवलेली असते. ऑफिसच्या फोनवर दिवसभर काही होत नाही आणि बागेत दहा मिनिटांत दोनदा होतं. कधी फोटोच्या वेळी, कधी फोटोनंतर यादी उघडताना, जिथे सी प्लस प्लसचा संबंधही नाही. कोडमध्ये लॉग (नोंदीची ओळ) लिहिला की क्रॅश थांबतो, काढला की परत येतो. लॉगकॅटमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या नोंदवहीत, ‘फेटल सिग्नल ११’ किंवा ‘फेटल सिग्नल ६’ अशी ओळ असते.

यातली दोन-तीन लक्षणं जुळली तर पुढचं वाचा. एक गोष्ट मात्र आधीच मनात पक्की करा, कारण माझे सर्वांत जास्त दिवस ती न समजल्यामुळे गेले. ॲप जिथे पडतं ती जागा आणि चूक जिथे आहे ती जागा बहुतेक वेळा वेगळी असते. पडलेल्या ओळीवर ‘नल (रिकामा) आहे का’ अशी एक तपासणी चिकटवून मोकळं होणं सोपं असतं. पण तसं केलं की पुढच्या हंगामात तोच क्रॅश दुसऱ्या ओळीवर येतो.

पहिली तपासणी : हा खरंच क्रॅश आहे का?

कमी रॅमच्या फोनवर कॅमेरा उघडला की सिस्टिम जागा करायला मागची ॲप्स मारते. शेतकऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, ‘उडालं’. पण क्रॅशमध्ये चूक मेमरीच्या पत्त्याची असते आणि सिस्टिमने मारण्यात मेमरीच्या भुकेची, त्यामुळे उपायही वेगळे. अँड्रॉइड ११ पासून ॲपला स्वतःच्या आधीच्या मरणाचं कारण विचारता येतं. त्या वर्गाचं नाव ॲप्लिकेशन-एक्झिट-इन्फो. कारणात ‘लो मेमरी’ आलं तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाही, फोटो किती मोठा लोड करता ते बघा. ‘क्रॅश नेटिव्ह’ आलं तर पुढे चला. अँड्रॉइड १२ पासून याच मार्गाने नेटिव्ह क्रॅशचा पूर्ण अहवालही मिळतो, म्हणजे बागेतल्या फोनला केबल लावायचीही गरज नाही. हे वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. आजच ॲपमध्ये घाला, क्रॅश नसला तरी.

दुसरी : एकच फोन, एकच मॉडेल, की सगळे?

प्ले कन्सोलमध्ये (ॲप बनवणाऱ्यांसाठीची गुगलची साइट) क्रॅशची विभागणी फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती यांवर करून बघा. पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो. सगळे क्रॅश एकाच प्रोसेसरच्या फोनवर असतील तर संशय ड्रायव्हरवर (हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) किंवा त्या फोनच्या कॅमेऱ्याच्या मांडणीवर. आधीच्या रिलीजमध्ये नव्हता आणि या रिलीजमध्ये आहे, तर दोन रिलीजमधला फरकच आधी वाचा, त्यात नवीन घेतलेल्या लायब्ररीही (दुसऱ्यांचा तयार कोड) आल्या. तुम्ही काही न बदलता एका सकाळी सगळीकडे क्रॅश सुरू झाले तर सिस्टिम वेबव्ह्यूची (ॲपमध्ये वेबपान दाखवणारा अँड्रॉइडचा भाग) आवृत्ती बघा. २०२१ च्या मार्चमध्ये वेबव्ह्यूच्या एका सदोष अपडेटने जगभरची असंख्य ॲप्स अशीच बंद पडत होती आणि ॲप बनवणाऱ्यांच्या कोडमध्ये काहीच चुकलेलं नव्हतं.

एकाच माणसाच्या एकाच फोनवर, दरवेळी वेगळ्या ठिकाणी, आणि त्याची दुसरी ॲप्सही पडत असतील तर त्या फोनची रॅम खराब असू शकते. त्यांना सर्व्हिस सेंटरला पाठवा. तुमचा कोड उकरू नका.

तिसरी : टूमस्टोन नीट वाचा

नेटिव्ह क्रॅश झाला की अँड्रॉइड एक फाइल लिहून ठेवतं, तिला टूमस्टोन म्हणतात. डेव्हलपर ऑप्शनमधून बग रिपोर्ट काढला की त्यात ती मिळते. लोक ती उघडतात, सरळ बॅकट्रेसकडे (पडताना चालू असलेल्या फंक्शनच्या यादीकडे) जातात आणि वरच्या चार ओळी सोडून देतात. निम्मा निकाल त्या चार ओळींतच असतो.

सिग्नल ११, कोड १ म्हणजे त्या पत्त्यावर मेमरीच नव्हती. कोड २ म्हणजे मेमरी होती, पण परवानगी नव्हती. आता फॉल्ट ॲड्रेस, म्हणजे जिथे चूक झाली तो मेमरीचा पत्ता, बघा. तो शून्य असेल किंवा हेक्समध्ये १०, १८, २० असा अगदी छोटा असेल तर नल ऑब्जेक्टचा एखादा सदस्य वाचायचा प्रयत्न झाला आहे. शून्यापासून जितकं अंतर, तितक्या बाइटवर तो सदस्य. हा त्यातल्या त्यात सरळ प्रकार. पत्ता लांबलचक आणि खरा वाटणारा असेल तर बहुधा पॉइंटर (पत्ता लक्षात ठेवणारा व्हेरिएबल) एकेकाळी खरा होता, मेमरी परत गेली आणि पॉइंटर मागे राहिला. फॉल्ट ॲड्रेस स्टॅक पॉइंटरच्या जवळपास असेल तर स्टॅक (फंक्शनची तात्पुरती मेमरी) संपला आहे. हे मी तीन वेगवेगळ्या ॲपमध्ये पाहिलं आहे. फंक्शनच्या आत चित्रासाठी मोठा ॲरे घेतलेला होता. ६४० गुणिले ४८० गुणिले ४ म्हणजे १२,२८,८०० बाइट, आणि मुख्य थ्रेड (थ्रेड म्हणजे ॲपमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा एक धागा) सोडला तर बाकीच्या थ्रेडचा स्टॅक साधारण १ एमबीचा, म्हणजे १०,४८,५७६ बाइट. तो मावणारच नाही. असा ॲरे हीपवर (मागून घ्यायच्या मोठ्या मेमरीत) घ्या, काम झालं.

सिग्नल ६ हा वेगळा. तिथे सिस्टिमने स्वतःहून ॲप थांबवलं आहे आणि का थांबवलं ते ‘ॲबॉर्ट मेसेज’मध्ये लिहिलं आहे. अँड्रॉइड ११ पासून बहुतेक फोनवर स्कुडो नावाचा मेमरी वाटप करणारा भाग आहे. त्याचा ‘करप्टेड चंक हेडर’ असा निरोप दिसला तर कुणीतरी आपल्या हद्दीबाहेर लिहिलं आहे हे जवळपास नक्की. बॅकट्रेसमध्ये जो दिसतो तो बिचारा फक्त मेमरी परत करायला आला होता. शेजाऱ्याने बांध कोरला आणि पंचनाम्यात नाव भलत्याचंच लागलं, तसं आहे हे.

थ्रेडचं नावही बघा. ‘पूल ३ थ्रेड १’ अशा नावाने काही कळत नाही, म्हणून आपल्या प्रत्येक थ्रेडला नाव द्या. पंधरा अक्षरांपुढचं कापलं जातं, तेव्हा छोटंच द्या.

चौथी : पत्त्यांची नावं करा

बॅकट्रेसमध्ये फक्त आकडे दिसत असतील तर रिलीजबरोबर सिम्बॉल (फंक्शनच्या नावांची माहिती) गेलेले नाहीत. ग्रॅडल या ॲप बांधायच्या साधनात डीबग सिम्बॉलची पातळी ‘फुल’ ठेवा, म्हणजे प्ले कन्सोल स्वतःच फंक्शनची नावं दाखवेल. हातात टूमस्टोन असेल तर एनडीकेबरोबर (अँड्रॉइडची सी प्लस प्लससाठीची साधनं) येणारं एनडीके-स्टॅक वापरा. त्याला लायब्ररीची स्ट्रिप न केलेली, म्हणजे नावं न काढलेली, प्रत लागते आणि तीही त्याच बिल्डची. बिल्ड आयडी जुळला नाही तर नावं आणि ओळी दिसतील, पण चुकीच्या. असं एकदा दिशाभूल करणारं नाव हाती लागलं की दोन दिवस पाण्यात जातात. आमच्याकडे आता प्रत्येक रिलीजची ती प्रत तारखेसह वेगळी ठेवतो आणि ती कुणीही पुसायची नाही असा नियम आहे.

पाचवी : हातात घेऊन पाडून बघा

इथे थोडं थांबते, कारण सर्वांत जास्त शिकवलं ते याच तपासणीने.

एका वर्षी नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला, गोडी छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर डाऊनी आली आणि फोन सुरू झाले. ‘ताई, फोटो काढला की ॲप उडतंय.’ ऑफिसात चार फोन स्टँडला लावून रात्रभर फोटो काढत ठेवले. एकही क्रॅश नाही. शेवटी दिंडोरीजवळच्या एका बागेत गेले आणि काकांना म्हटलं, ‘तुम्ही रोज काढता तसाच काढा, मी फक्त बघते.’ काका मांडवाखाली वाकले. डाव्या हाताने पान उलटं केलं, कारण डाऊनीची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला असते. उजव्या हाताने फोन खालून वर धरला. पानावर चौकट आली, त्यांनी बटण दाबलं आणि ‘आलं का बघा’ म्हणत फोन माझ्याकडे आडवा वळवला. ॲप गेलं. पुन्हा केलं, पुन्हा गेलं.

फोन वळला की ऑटो-रोटेटमुळे अँड्रॉइड ती स्क्रीन मोडून नवीन बांधतं. आमच्या कोडमध्ये स्क्रीन मोडताना, ऑनडिस्ट्रॉयमध्ये, सी प्लस प्लसमधलं तपासणीचं ऑब्जेक्ट डिलीट होत होतं. पण मागच्या थ्रेडवर त्या क्षणी शेवटची फ्रेम (कॅमेऱ्याचं एक चित्र) अजून तपासली जात होती. पायाखालची जमीनच काढून घेतली. स्टँडवरचा फोन वळत नाही, म्हणून ऑफिसात काही दिसलं नाही. टूमस्टोन तर आम्हाला रंगाचा हिशेब करणाऱ्या एका फंक्शनकडे बोट दाखवत होता आणि त्या फंक्शनमध्ये एक अक्षरही चुकीचं नव्हतं.

दुरुस्ती लहान होती. आधी कॅमेरा सोडवायचा, म्हणजे नवी फ्रेम येणार नाही. मग डिलीटचं काम त्याच एका थ्रेडच्या रांगेत शेवटी टाकायचं, जिथे तपासणी चालते. रांगेतलं आधीचं काम संपल्याशिवाय डिलीटची पाळीच येत नाही. आणि डिलीटनंतर कॉटलिनकडे ठेवलेला हँडल (त्या ऑब्जेक्टचा पत्ता) शून्य करायचा.

म्हणून क्रॅश पाडायचा असेल तर हे सगळं करा: ऑटो-रोटेट चालू ठेवून फोन सतत फिरवा, तपासणी चालू असताना बॅक दाबा, मध्येच कॉल लावा, होमला जाऊन परत या. डेव्हलपर ऑप्शनमध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू करा, स्क्रीन सोडताच ती मोडली जाईल. या एका बटणाने आठवड्यातून एकदा येणारा क्रॅश मिनिटात यायला लागलेला मी पाहिला आहे. पाडता आला की अर्धी लढाई जिंकली, कारण मग दुरुस्ती खरी आहे की नाही हेही तपासता येतं.

सहावी : चेक-जेएनआय

जेएनआय म्हणजे कॉटलिन आणि सी प्लस प्लस यांच्यातला पूल, चेक-जेएनआय त्याची राखण करतं. डीबग बिल्डमध्ये ही तपासणी आपोआप चालू असते, रिलीजमध्ये नसते. जेएनआयचे नियम मोडले की ती तिथेच थांबवते आणि कारण सांगते. क्रॅश फक्त रिलीज बिल्डमध्ये येत असेल तर एडीबीवरून (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) ‘डीबग चेक-जेएनआय’ ही प्रॉपर्टी १ करा आणि ॲप नव्याने सुरू करा. मोडले जाणारे नियम बहुतेक दोनच असतात. जेएनआय-एन्व्हचा पॉइंटर एका थ्रेडचा असतो, तो जपून ठेवून दुसऱ्या थ्रेडवर वापरायचा नाही. आणि फंक्शनमध्ये मिळालेला लोकल रेफरन्स ते फंक्शन परतलं की संपतो. पुढे हवा असेल तर ग्लोबल रेफरन्स घ्या आणि आठवणीने सोडा.

सातवी : बफरची मापं

बफर म्हणजे माहिती ठेवायला घेतलेला मेमरीचा तुकडा. कॅमेऱ्याची फ्रेम नेटिव्ह कोडमध्ये नेत असाल तर ही तपासणी चुकवू नका. रुंदी म्हणजेच ओळीची लांबी असं गृहीत धरलेला कोड मी मोजून थकले. हार्डवेअरच्या सोयीसाठी ओळ लांब ठेवलेली असू शकते. रुंदी ७२० असताना ओळ ७६८ बाइटची असू शकते. तुम्ही जागा घेतली ७२० गुणिले ४८० आणि कॉपी केली ७६८ गुणिले ४८०, तर २३,०४० बाइट दुसऱ्याच्या मेमरीवर लिहिले गेले. ॲप त्या वेळी पडेलच असं नाही. मग दोन मिनिटांनी फवारणीची यादी उघडताना पडतं आणि सगळे यादीचा कोड तपासत बसतात.

दुसरी खोड त्याहून बारीक आहे. ६४० बाय ४८० च्या फ्रेममध्ये रंगाच्या प्रतलाचा (फक्त रंगाची माहिती असलेल्या थराचा) बफर अनेक फोनवर १,५३,६०० (ओळ ६४० गुणिले निम्मी उंची २४०) नाही, १,५३,५९९ बाइटचा असतो. कारण रंगाचे दोन घटक एकाआड एक ठेवलेले असतात आणि शेवटच्या बाइटपुढे काही नसतं. ओळ गुणिले उंची असं आंधळेपणाने वाचलं की एक बाइट जास्त वाचला जातो. तो एक बाइट मेमरीच्या त्याच पानात (ठरावीक मापाच्या तुकड्यात) पडला तर काही होत नाही. मेमरीचं पान तिथेच संपत असेल आणि पुढे काही नसेल, तर सिग्नल ११. ‘कधी कधी येतं’ याचं हे नेमकं कारण. तेव्हा बफरची खरी क्षमता विचारा, हिशेबाने काढू नका. आणि इमेज क्लोज केल्यावर तिच्या बफरचा पत्ता मेला असं समजा.

आठवी : जड हत्यारं

इथपर्यंत सापडलं नाही तर एचडब्ल्यूएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं साधन, म्हणजे सॅनिटायझर) लावून बिल्ड करा. ते प्रत्येक मेमरी वापरावर पहारा ठेवतं आणि चुकीचा पहिला बाइट वाचला किंवा लिहिला की तिथेच थांबवतं. मेमरी कुणी घेतली, कुणी परत केली, मग कुणी हात लावला, हे तिन्ही बॅकट्रेस देतं. अँड्रॉइड १४ पासून ते ६४ बिट एआरएमच्या साध्या फोनवर चालतं, आधी त्यासाठी फोनमध्ये खास सिस्टिम टाकावी लागायची. ॲप साधारण दुप्पट संथ होतं, म्हणून ते फक्त तपासणीसाठी. प्ले स्टोअरवर असं बिल्ड कधीही टाकू नका.

ऑफिसात क्रॅश पडतच नसेल तर जीडब्ल्यूपी-एसॅन हे त्याच जातीचं हलकं साधन मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती असलेल्या फाइलमध्ये) चालू करा, अँड्रॉइड ११ पासून मिळतं. ते सगळ्या वाटपांवर नाही, अधूनमधून एखाद्यावर नजर ठेवतं, त्यामुळे ॲप जवळपास नेहमीच्या वेगाने चालतं आणि खऱ्या वापरणाऱ्यांकडून पुरावा गोळा होतो. एक फोन काही देणार नाही, हजार फोन देतील. पिक्सेल ८ किंवा पुढचा फोन हाताशी असेल तर डेव्हलपर ऑप्शनमधलं एमटीई लावून बघा, तिथे हा पहारा प्रोसेसरच करतो.

आयफोनवर याच दुखण्याचं नाव ‘बॅड ॲक्सेस’. एक्सकोडमध्ये (ॲपलचं ॲप बनवायचं साधन) ॲड्रेस सॅनिटायझर आणि झॉम्बी ऑब्जेक्ट ही दोन बटणं आहेत, वरचा क्रम तसाच लागू पडतो.

एक मोह टाळा. सिग्नल पकडणारा हँडलर लिहून ‘काही झालंच नाही’ असं पुढे चालू ठेवायचा सल्ला काही जण देतात. मेमरी बिघडलेली असताना ॲप चालू ठेवलं तर ते बिघडलेलं डेटाबेसमध्ये लिहिलं जाईल. फवारणीचा चुकीचा आकडा नोंदला जाण्यापेक्षा ॲप पडलेलं बरं.

कुठे थांबायचं

बॅकट्रेसमधल्या सगळ्या ओळी ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये किंवा सोर्स नसलेल्या लायब्ररीत असतील आणि तुमच्या बाजूचे बफर, थ्रेड, ऑब्जेक्टचं आयुष्य सगळं तपासून झालं असेल, तर थांबा. तो पुरावा त्या लायब्ररीवाल्यांना पाठवा. तोवर त्या मॉडेलवर ती सोय बंद ठेवा.

बाहेरून आलेल्या फाइलमुळे किंवा फोटोमुळे हद्दीबाहेर लेखन होत असेल तर लगेच थांबा. तो नुसता क्रॅश नाही, सुरक्षेतली फट आहे. सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय नवीन आवृत्ती काढू नका. पैशाचे व्यवहार असलेल्या ॲपलाही हेच लागू.

आणि सॅनिटायझर लावूनही तीन-चार दिवसांत क्रॅश हाताने पाडता आला नाही, तर सी आणि सी प्लस प्लस रोज लिहिणाऱ्या माणसाला बोलवा. मोबाइलवालाच हवा असं नाही. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत कंट्रोलरचा कोड लिहिणारी माणसं मेमरीच्या चुका आपल्यापेक्षा चटकन ओळखतात. माझे दोन अवघड क्रॅश अशाच एका दादांनी शेजारी बसून सोडवले, आणि त्यांनी आयुष्यात कॉटलिनची एक ओळ लिहिलेली नव्हती.

त्यांना बोलावण्याआधी एवढं तयार ठेवा: तीन तरी टूमस्टोन, पूर्ण, कापलेले नाहीत. त्याच बिल्डच्या स्ट्रिप न केलेल्या लायब्ररी. फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती. कोणत्या तपासण्या केल्या आणि प्रत्येकीत काय दिसलं. आणि ज्याच्या हातात ॲप पडतं त्याने फोन कसा धरला, केव्हा वळवला याचा एक मिनिटाचा व्हिडिओ, दुसऱ्या फोनवरून काढलेला.